लष्कराची नोटीस, इस्कटून

कोल्हापुरातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म' एवढंच लिहिलंय. पण निम्मं गिऱ्हाईक येतं ते कागद वाचून घ्यायला. दुकान टेंबलाईच्या रस्त्याला, टेरिटोरियल आर्मीची पलटण त्याच टेकडीवर, आणि घरात सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यामुळं "सुभेदारांच्या सूनबाईंकडं जावा, त्या इस्कटून सांगतात" असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलं आणि ते पसरलं. सासऱ्यांना कुणी विचारलंच तर ते सरळ माझ्याकडं बोट करतात. म्हणतात, "मी जन्मभर हुकूम पाळला. वाचायचं काम क्लार्कचं."

सकाळी पोरं येतात. पळून आलेली, टी-शर्ट अंगाला चिकटलेला, मोबाइलमध्ये कुणाकडनं तरी आलेला अर्धवट स्क्रीनशॉट. दुपारी पेन्शनवाले. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, पासबुक, आणि बाई असली तर नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या ढीगभर झेरॉक्स. कागद वेगवेगळे, पण अडचण एकच: "ताई, ह्यात आमचं काय हाय तेवढं सांगा."

सैन्याच्या नोटिशीची भाषा अवघड असते असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. गोंधळ होतो तो तिच्या क्रमामुळं. लिहिणारा ऑफिसच्या सोयीनं लिहितो. आधी कुठल्या पत्राचा संदर्भ, मग योजनेचं नाव, मग पात्रता, मग कागदपत्रांची लांबलचक यादी, आणि काय मिळणार नाही ते पार खाली, जिथं पोचेपर्यंत वाचणारा दमलेला असतो. म्हणून मी शेवटाकडनं सुरुवात करते. पोरांना ते आवडत नाही, कारण शेवटाला आनंदाचं काही नसतं.

अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांच्या फौजी नोकरीची, जाहिरात घ्या. जून २०२२ मध्ये ही योजना आली तेव्हापासून दरवर्षी आमच्याकडं फॉर्मची झुंबड असते. पोरगं आल्या आल्या सांगतं, "चार वर्षांत अकरा लाख एकाहत्तर हजार." एवढं त्याला पाठ. ते कुठनं येतात हे विचारलं की गप्प. तर हिशेब असा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, मग ३६,५००, आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के दर महिन्याला कापून सेवा निधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या फंडात, जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००, शेवटच्या वर्षी २८,०००. चार वर्षांत त्याच्याच पगारातनं साधारण ५ लाख २ हजार कापले जातात, तेवढेच सरकार घालतं, वर व्याज, आणि मग तो ११ लाख ७१ हजारांचा आकडा होतो. त्याच्यावर आयकर नाही हे खरं. पण निम्मा पैसा त्याचाच आहे हेही खरं, आणि हे मी पोरापेक्षा त्याच्या आईला सांगते. कारण त्या आकड्यावर घर बांधायचं गणित तीच मांडत असते.

अजून खाली गेलं की, मधेच स्वतःच्या मर्जीनं सोडून आलं तर फक्त त्याचं कापलेलं मिळतं, सरकारचा वाटा नाही. चार वर्षांनंतर कायम झाला तरी सरकारचा वाटा नाही, कारण मग त्याला पुढं नेहमीच्या फौजीसारखी पेन्शन लागू होते. आणि कायम किती होणार? २५ टक्क्यांपर्यंत. ही वरची मर्यादा आहे, हमी नाही. जे बाहेर पडतात त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे कँटीनचं कार्ड आणि दवाखानाही नाही. नोकरीत असताना मात्र ४८ लाखांचा विमा आहे आणि त्याचा हप्ता पोराला भरावा लागत नाही. हे सगळं जाहिरातीत छापलेलं असतं, कुणी लपवलेलं नाही. तरीपण चार वर्षांसाठी गेलेल्या पोराची आई "पेन्शन कधी चालू हुतीया?" असं विचारायला येते, तेव्हा मला त्या भरती ॲकॅडमीवाल्यांचा राग येतो. पोरांना पहाटे उठवून टेकडीवर पळवतात, फी घेतात, आणि हे एक पान वाचून दाखवत नाहीत.

मी भरतीच्या विरोधात नाही हो. आमच्या जिल्ह्यात तसं असून चालेल का? शिरोळ तालुक्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडं कुठल्याही वाडीत जा, सोप्यात वर्दीतला फोटो दिसणारच. जावं, पण वाचून जावं.

आता पात्रता. इथं पोरं वय मोजत बसतात. "ताई, मला एकवीस पुरं व्हायला दोन महिनं हायत, चालतंय न्हवं?" मी म्हणते, वय मोजू नको. जाहिरातीत दोन तारखा दिलेल्या असतात, या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले, दोन्ही दिवस धरून. तुझी जन्मतारीख त्या दोन्हींच्या मधे बसते का तेवढं बघ. योजना आली तेव्हा साडेसतरा ते एकवीस असं होतं, पहिल्याच वर्षी एकदापुरतं तेवीस केलं होतं, आणि त्या एका वर्षाच्या बातमीवर अजून काही पोरं आशेनं येतात.

मग जिल्हा. कोल्हापूरच्या भरती ऑफिसाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवाही येतो. म्हणून मैदानावर कोकणी बोलणारी पोरं दिसतात. पण इथल्या होस्टेलवर राहणारा नगरचा पोरगा इथनं फॉर्म भरू शकत नाही. डोमिसाइल कुठला, ते बघतात. खोली कुठं घेतलीय त्याला अर्थ नाही.

फॉर्म भरताना खरी कुस्ती असते नावाची. दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटाला, आणि वडिलांचं नाव कधी आहे कधी गायब. जाहिरात सांगते दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसं लिहा. तसंच, म्हणजे अगदी तसंच. एका पोराचं दहावीला 'पाटील'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं होतं. त्याला ते चुकीचं वाटलं म्हणून तो फॉर्मवर सुधारायला निघाला होता. म्हटलं, सुधारू नको बाबा, सैन्याच्या कागदावर तू तोच पाटील आहेस. पुढं नोकरीभर तेच नाव चालतं.

दुसरं, मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्यायचा. पोरं सरळ म्हणतात, "ताई, तुमचाच टाका की." मी टाकत नाही. प्रवेशपत्र, परीक्षेची तारीख, रॅलीचा दिवस सगळं त्याच्यावर येतं, आणि तेव्हा मी कुठं असेन सांगता येत नाही. परीक्षेची फी २५० रुपये. त्यावर कुणी भरतीच्या नावानं हजारात पैसे मागत असेल तर तो चोर आहे. हेही जाहिरातीत लिहिलेलं असतं, दलालांपासून सावध राहा म्हणून. ते वाचून पोरं हसतात, आणि त्यातलंच एखादं आठ दिवसांनी विचारतं, "एक जण सेटिंग करतो म्हणतोय, खरं असंल काय?"

शारीरिक चाचणीचं मी फार सांगत नाही, ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असतं. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० गुण, दहा पुलअपला ४०, नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसतं पास व्हायचं. ह्यावर ते माझीच शिकवणी घेतात.

पण टॅटूचं कलम एकही जण वाचत नाही. कोल्हापुरात हे फार नडतं. इथं अठरा वर्षांच्या पोराच्या दंडावर राजमुद्रा नाहीतर महाराज, मानेवर आईचं नाव. भक्ती खरी असते, त्याबद्दल बोलायचं काम नाही. पण जाहिरात स्पष्ट सांगते: टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तरच चालेल. आदिवासी परंपरेपुरती सूट आहे, बाकीच्यांना नाही. दंड, मान, छाती चालत नाही. टॅटू कशाचा आहे हा प्रश्न नंतरचा. महाराजांच्या नावाची घोषणा देऊन लढणारी मराठा रेजिमेंट दंडावरच्या महाराजांना नाही म्हणेल, हे पोरांना पटतच नाही. सासऱ्यांनी एकाला सुनावलं होतं, "महाराजांनी शिस्त पण लावली हुती, ती कुठं गोंदलीयस?" पोरगं लाजलं, पण गोंदण काही गेलं नाही.

माजी सैनिकांच्या मुलांना सवलत आहे, त्याचं मात्र जरा थांबून सांगते, कारण आमच्या गिऱ्हाइकात तेच जास्त. जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या पदाला, आपल्याकडच्या पोरांना उंची १६८ सेंटीमीटर लागते. माजी किंवा नोकरीत असलेल्या सैनिकाच्या मुलाला त्यात २ सेंटीमीटर सूट, छातीत १ सेंटीमीटर, वजनात २ किलो, वर गुणही जादा. पण ही सूट एकाच मुलाला, आणि त्यासाठी रिलेशनशिप सर्टिफिकेट लागतं, तेही वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडनं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला, त्यामुळं ते एका दिवसात जाऊन येतात. दुसऱ्या रेजिमेंटवाल्यांची ससेहोलपट होते.

एकदा वडील आणि मुलगा असे दोघं आले. मुलाची उंची १६६ आणि थोडी. सगळी आशा त्या दोन सेंटीमीटरवर. मी डिस्चार्ज बुक उघडलं. आत कुटुंबाच्या पानावर मुलाची जन्मतारीख होती ती दहावीच्या सर्टिफिकेटपेक्षा वेगळी. वडील नोकरीत असताना गावाकडनं पत्र गेलं, त्यात आजोबांनी अंदाजानं तारीख कळवली, ती पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदीच्या कागदात, छापली गेली आणि तिथंच राहिली. रिलेशनशिप सर्टिफिकेट रेकॉर्डमधल्या तारखेनं निघणार, फॉर्म दहावीच्या तारखेनं भरला जाणार. पोरगं बापाकडं बघायला लागलं, बाप डिस्चार्ज बुकाकडं. मी जन्माचा दाखला, दहावीचं सर्टिफिकेट आणि अर्ज असा गठ्ठा करून दिला आणि म्हटलं, जाहिरातीची वाट बघू नका, आजच बेळगाव गाठा. फॉर्म सुटल्यावर दुरुस्तीला वेळ पुरत नाही. ज्यांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे त्या सगळ्या माजी सैनिकांना माझं हेच सांगणं आहे. डिस्चार्ज बुकाचं ते पान आज उघडून बघा.

ह्या सगळ्यात टेरिटोरियल आर्मीची जाहिरात मिसळली की विचारू नका. मोबाइलवर फिरतं, "कोल्हापुरात थेट भरती, ऑनलाइन परीक्षा नाही, वय ४२ पर्यंत." खोटं नसतं ते, पण अर्धं असतं. टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे टीएची, रॅली खरंच वेगळी होते, आधी मैदान मग लेखी, वय १८ ते ४२. पण टीए म्हणजे पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग सांभाळून करायची फौजेची सेवा. पलटण बोलवेल तेवढा काळ पगार, बाकी आपण आपल्या घरी. ही पूर्णवेळ नोकरीची हमी नाही असं जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं. दक्षिण कमांडच्या रॅलीला कुठल्या राज्याच्या पोरांनी कुठल्या दिवशी यायचं तेही दिलेलं असतं. तरी परराज्यातली पोरं चुकीच्या दिवशी उतरतात आणि फूटपाथवर झोपून परत जातात.

कागद खरा का खोटा हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. सैन्याची नोटीस कधी इमोजी घालत नाही आणि 'लवकर करा' म्हणत नाही. अग्निवीर भरतीची असेल तर ती जॉइन इंडियन आर्मी डॉट एनआयसी डॉट इनवर सापडलीच पाहिजे. तिथं नाही म्हणजे मी प्रिंट काढत नाही.

दुपारच्या मंडळींचा विषय वेगळा. त्यांच्याकडं येतात ती पेन्शनची परिपत्रकं, प्रयागराजच्या द्रौपदी घाटावरच्या फौजी पेन्शनच्या ऑफिसातनं निघालेली. सासरे अजून अलाहाबादच म्हणतात. पूर्वी बँक पेन्शनचा हिशेब करायची, आता 'स्पर्श' नावाच्या यंत्रणेतनं पैसे थेट खात्यावर येतात. बँकेच्या हातात खातं सोडून काही उरलेलं नाही, हे निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही. बँकेच्या काउंटरवर भांडून माणसं माझ्याकडं येतात आणि उरलेलं भांडण इथं करतात.

'वन रँक वन पेन्शन'ची, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर सारखी पेन्शन या नियमाची, बातमी आली की दुसऱ्या दिवशी पासबुकं हजर. "सगळ्यांची वाढली, माझी का न्हाई?" इथं तक्ता कसा वाचायचा एवढंच कळलं तरी पुष्कळ. दर पाच वर्षांनी हे नव्यानं ठरवायचं असं आहे: आधी १ जुलै २०१४ पासून, मग २०१९, मग २०२४. शेवटच्या वेळी, २०२३ या वर्षात त्याच हुद्द्यावरनं, तेवढीच नोकरी करून रिटायर झालेल्यांची कमीत कमी आणि जास्तीत जास्त पेन्शन धरली आणि मधली काढली. तुमचा हुद्दा, तुमचा ग्रुप म्हणजे पगाराचा गट, आणि तुमच्या नोकरीची वर्षं, या तीन गोष्टी जिथं भेटतात तो आकडा तुमचा. तुमची मूळ पेन्शन आधीच त्याच्यापेक्षा जास्त असेल तर वाढणार नाही, कमीही होणार नाही. अर्ज करायचा नाही. आणि १ जुलै २०१४ नंतर स्वतः मागून लवकर रिटायरमेंट घेतलेल्यांना हे लागू नाही. हे वाक्य मी हळू आवाजात वाचते, कारण समोर बसलेला बऱ्याचदा तोच असतो.

आज्यांच्या बाबतीत दुसरी एक तरतूद महत्त्वाची आहे. वयाची ऐंशी पुरी झाली की पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. ज्या महिन्यात ऐंशी पुरी होतात त्या महिन्याच्या एक तारखेपासून. आपोआप व्हायला पाहिजे, पण रेकॉर्डमध्ये बाईची जन्मतारीखच नसेल तर यंत्राला तिचं वय कळणार कसं? जुन्या पीपीओवर फौजीची सगळी माहिती असते, बायकोचं नुसतं नाव. आधारवर बघावं तर अर्ध्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आज्यांचा वाढदिवस एक जानेवारीला. तरी ती तारीख घेऊन स्पर्शवर तपासून घ्या.

आणि नोव्हेंबर. हयातीचा दाखला. ऐंशीच्या वरच्यांना एक ऑक्टोबरपासूनच देता येतो. अंगठा उठत नाही ही नेहमीची तक्रार, शेतात राबलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठं? आता चेहऱ्यावरनं होतं, जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप असं दोन्ही मोबाइलमध्ये लागतं. मागच्या खेपेला कागलकडच्या एक आजी आल्या होत्या. डोक्यावर पदर कपाळापर्यंत, त्यामुळं मोबाइल चेहरा धरेना. पदर जरा मागं घेतला, दारात उजेडाला उभं केलं. मग स्क्रीनवर सूचना आली आणि मी म्हटलं, "आजी, आता डोळं मिचकवा." आजी जागच्या हलेनात. परत सांगितलं. त्या माझ्यावरच उखडल्या, "एवढ्या बाप्यांच्या म्होरं डोळा मारू व्हय गं?" सासरे आतनं उठून बाहेर आले, त्यांनी स्वतः दोन्ही डोळ्यांची उघडझाप करून दाखवली, तेव्हा आजींनी केली आणि दाखला निघाला.

ॲपमध्ये एक जागा फसवी आहे. तिथं 'पीसीडीए' असं येतं, ते म्हणजे तेच प्रयागराजचं ऑफिस. पेन्शन मंजूर करणाऱ्याच्या रकान्यात भूसेनेच्या लोकांनी 'डिफेन्स, पीसीडीए पी अलाहाबाद' निवडायचं, आणि पेन्शन देणाऱ्याच्या रकान्यात 'स्पर्श, पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद'. सवयीनं तिथं बँकेचं नाव टाकलं तर दाखला तयार होतो, नंबरही मिळतो, पण पोचायचं तिथं पोचत नाही. आणि पेन्शन थांबल्यावरच कळतं. थांबली तरी घाबरायचं कारण नाही, दाखला नीट भरला की मागच्या फरकासकट चालू होते.

तेव्हा यंदा नोव्हेंबरात येणाऱ्यांनी आधार, पीपीओचा नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन यावं. नातवाच्या खिशातला नाही, जोडलेला. आणि पोरांनो, जाहिरात पाठवायची असेल तर सगळी पानं पाठवा. स्क्रीनशॉट मी वाचत नाही.